स्वामी मॅडमची किळस

स्वामी मॅडम पाणी प्यायच्या आधी ग्लासाचा वास घ्यायच्या. कुठंही असोत, कुणाच्याही घरी, कुणाच्याही समोर. ग्लास उचलायचा, नाकाजवळ न्यायचा, डोळे मिटून एक श्वास ओढायचा, आणि मग प्यायचं किंवा ओतून द्यायचं. बहुतेक वेळा ओतूनच द्यायच्या. पाणी देणाऱ्या माणसाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं. माझंही झालं असतं, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला कळलं की त्या उगीच वास घेत नाहीत.

मी भूमच्या नगरपालिकेत आरोग्य विभागाला लिपिक म्हणून रुजू झाले होते. महानंदा स्वामी त्या विभागाच्या स्वच्छता निरीक्षक. मी खुर्चीत नीट बसायच्या आत त्या म्हणाल्या, "चल, जरा गावातून येऊ. कागद काय पळून चालले न्हाईत." आम्ही एका हॉटेलात शिरलो. पोऱ्यानं पाण्याचे दोन ग्लास आदळले. मॅडमनी ग्लास नाकाशी नेला आणि तोंड असं केलं की मी घशात गेलेला घोट तसाच धरून ठेवला.

"छी! होलसु!" त्या म्हणाल्या. होलसु म्हणजे कानडीत घाण. मॅडम मूळच्या कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमच्या. किळस आली की त्यांना मराठी पुरायची नाही. "मालक, टाकी उघडा."

"परवाच धुतलीय मॅडम."

"मग उघडायला काय हरकत हाय?"

मालक शिडी सापडत नाही म्हणाला. मॅडमनी शिडी शोधली. पन्नाशी ओलांडलेली बाई, साडीचा पदर खोचून लोखंडी शिडीनं वर चढली आणि झाकण सरकवून मला हाक मारली, "सारिका, वर ये. बघून घे." मी चढले. टाकीत उंदीर तरंगत होता. केस गळून गेलेले, कातडी पांढरीफट्ट, पोट फुगून टम्म, आणि त्याच्या भोवती पाण्यावर तेलासारखा तवंग. त्याच पाण्याचा घोट माझ्या पोटात गेला होता. मी शिडीवरच ओकले. मॅडमनी माझी पाठ धरली आणि म्हणाल्या, "येऊ दे, येऊ दे. ओकारी येतीय म्हंजे तू ह्या खात्यात चालशील. ज्याला किळस येत न्हाय, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये."

नंतरची सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली आणि या एका बाईमुळे बाहेरचं खाणं मला कायमचं नकोसं झालं. भजी तळून तळून काकवीसारखं दाट झालेलं तेल, चटणीच्या पातेल्याखाली हलणाऱ्या अळ्या, नाक पुसलेल्या फडक्यानंच पुसलेल्या बशा, मिठाईवर बसून मेलेल्या माश्या आणि त्यांच्या जागी उरलेले काळे ठिपके. मॅडम दंडाची पावती फाडायच्या आधी एक करायच्या. त्या वस्तूचा तुकडा मालकाच्या पुढ्यात धरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "घ्या, खावा." मालक हसायचा, इकडंतिकडं बघायचा, उपास आहे म्हणायचा. एकानं मात्र हट्टानं पेढा तोंडात टाकला आणि गिळता गिळता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरं खात्यात की ओ हे," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नव्हता.

गावानं त्यांना 'शी-शी मॅडम' असं नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "शी म्हणायला कुणीतरी पायजेच की," म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजय मुरुमला, इथं दोन खोल्यांत एकट्या. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. डबा घरचा, पाण्याची बाटली घरची, चमचासुद्धा पिशवीतला. हात धुवायच्या आधी त्या नळाची तोटी धुवायच्या, कारण तोटीला सगळ्यांचे हात लागतात. खरं सांगायचं तर कधीकधी मला त्यांचाच वीट यायचा. भाकरीचा तुकडा मोडून देताना बोटं ज्या तऱ्हेनं त्या अंतरावर ठेवायच्या, ते पाहून वाटायचं, आपण माणूस आहोत की उकिरडा?

अशा बाईच्या पोटात दुखायला लागलं.

आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोट रिकामं झालं की बेंबीच्या वर आग पडायची, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायची. पिशवीत बिस्किटाचा पुडा दिसायला लागला तेव्हा मी विचारलं. "पित्त हाय," म्हणाल्या. वर्षभर पित्तच होतं. जिरं चावलं, थंड दूध प्यायल्या, कुणी सांगितलं म्हणून आवळ्याचा रस घेतला. वजन उतरलं, ब्लाउज दंडावर लोंबायला लागले. मग एके दिवशी बाजारातल्या तपासणीत त्या पोट धरून भाजीच्या पोत्यावर बसल्या, त्या घाणेरड्या पोत्यावर, आणि तेवढ्यावरून मला कळलं की हे पित्त नाही. पुढच्या सोमवारी मी त्यांना एसटीत घालून धाराशिवला पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं आतून बघावं लागेल. नळी तोंडातून घालायची. मॅडम पलंगावर आडव्या होईनात. तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं, "ही नळी माझ्या आधी कुणाच्या तोंडात गेलती?"

तो म्हणाला, "सकाळपासून चार झाले."

"मग धुता कशानं? किती मिनिटं बुडवता? बादली दाखवा."

डॉक्टर आतून आले. चिडतील असं वाटलं, पण त्यांनी खरंच औषधाचा टब दाखवला, त्यातल्या द्रावणाचं नाव सांगितलं, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "तुमच्यासारखं विचारणारा पेशंट पहिल्यांदाच आला," म्हणाले. मॅडमनी द्रावणाचा वास घेतला आणि मगच तोंड उघडलं.

जठरात व्रण निघाला. बरा मोठा, पांढऱ्या बुडाचा. आणि डॉक्टर म्हणाले, "तिथं जंतू आहेत. त्यांनीच ही जखम केलीय. घाबरू नका, आपल्याकडं निम्म्या लोकांच्या पोटात ते असतात. पुष्कळांना कधी कळतही नाही."

मॅडमचा चेहरा कसा झाला हे मला नीट सांगता येणार नाही. टाकीतला उंदीर बघताना त्यांना जी किळस आली होती ती बाहेरच्या गोष्टीची होती. ही आतली होती. त्यांनी पोटावरचा हात काढून घेतला, जणू पोट दुसऱ्याचं आहे. "मी तर बाहेरचं पाणीसुद्धा पीत न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात कुठनं आला?"

"हा बहुतेक लहानपणीच शिरतो. घरातल्या घरात. एकमेकांच्या उष्ट्यातून, पाण्यातून, एका ताटातून. मग वर्षानुवर्षं बसून राहतो."

परत येताना येडशी मागं पडली. मग मॅडम खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या, "मला दात उशिरा आले म्हनं. अव्वा, म्हंजे आमची आई, भाकरी आधी आपल्या तोंडात चावायची, मऊ करायची आणि मग माझ्या तोंडात घालायची. चिमणीसारखं. सगळी आळी सांगायची मला, तुझ्या अव्वानं तुला अशी जगवली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता ह्याची किळस कशी करू, सांग."

औषधं चौदा दिवसांची होती, दिवसाला मूठभर. जंतू मारायच्या, आम्ल कमी करायच्या, शिवाय एक अशी की जिनं जीभ काळी पडते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळीनं शी काळी होईल, तिला भिऊ नका. आणि एक लक्षात ठेवा. दुखण्याच्या गोळ्या आता बंद. डोकं दुखो, कंबर दुखो, मला विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. जखम भरू द्यायची असेल तर नाही." आम्ही दोघी समोर बसलो होतो. दोघींनीही माना डोलावल्या.

ते चौदा दिवस मॅडमनी कसे काढले ते मी बघितलं. तोंडात सतत गंजलेला खिळा धरल्यासारखी चव. भाकरी कडू, पाणी कडू, थुंकी कडू. सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळ सुरू, ती दुपारपर्यंत. दहाव्या दिवशी आरशात जीभ बघून त्यांना कोरडी ओकारी आली. "मेल्या म्हशीची जीभ हाय ही," म्हणाल्या. पण एक गोळी चुकवली नाही. पाकिटं नीट कापून डबीत ठेवलेली, वेळ लिहिलेली. मी म्हटलं, मॅडम, अशा तुम्हीच घेऊ जाणे. तर म्हणाल्या, "ते आत जिवंत हायत असं मनात आलं की गोळी आपोआप गिळवती."

नंतर महिनाभर फक्त आम्ल कमी करायची गोळी. मग ती दोन आठवडे बंद ठेवून तपासणी करायची होती, जंतू गेला की नाही ते बघायला. तपासणी शीची. ज्या बाईनं आयुष्यभर शी हा शब्द फक्त दुसऱ्याच्या घाणीसाठी वापरला तिला आपलीच शी डबीत घालून न्यायची होती. ती डबी त्यांनी एका पिशवीत, ती दुसरीत, ती तिसरीत घातली आणि वर वर्तमानपत्र गुंडाळलं. एसटीत ती पिशवी मांडीवर घ्यावी की खाली ठेवावी हे त्यांना ठरवता येईना. शेवटी बोटांच्या टोकांनी हवेत धरून बसल्या, धाराशिवपर्यंत. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय, प्रसाद हाय का?" मला हसू फुटलं. मॅडमना नाही.

रिपोर्ट आला. जंतू आढळला नाही. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवशी मला घरी नेऊन स्वतःच्या हातची शेंगाचटणी आणि भाकरी खाऊ घातली. कागद घेऊन डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं, पुढची गोळी किती दिवस घ्यायची ते विचारायचं होतं. गेलो नाही. जंतू मेला होता, मग विचारायचं काय राहिलं होतं? आम्ल कमी करायची गोळी तपासणीसाठी बंद केली होती, ती बंदच राहिली.

यापुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते, पण सांगायला पाहिजे.

त्याच सुमारास गावातल्या सगळ्या हॉटेलांच्या टाक्या तपासायची मोहीम निघाली. मॅडम दिवसाला आठ-दहा शिड्या चढायच्या. उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. एक दिवस दुपारी माझ्या टेबलाशी येऊन त्या म्हणाल्या, "सारिका, ती तुझी पांढरी गोळी दे की एक."

माझ्या ड्रॉवरमध्ये अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं कायम असायची. सगळ्या ऑफिसात असतात. कुणाचं डोकं दुखलं, कुणाची पाठ धरली, कुणाची पाळी आली, की ड्रॉवर उघडायचा. ते औषध आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. टाचणी, स्टेपलर, गोळी, तीन वस्तू एकाच कप्प्यात. मी पाकीट फोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या क्षणी मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं का? आठवलं. पुसट, पण आठवलं. मी म्हटलं, "मॅडम, चालेल ना?" त्या म्हणाल्या, "जंतू गेलाय की. आणि ही काय औषध हाय का? साधी गोळी." मी ड्रॉवर लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सकाळी एक, दुपारी एक. मग मी अख्खं पाकीटच देऊन टाकलं, रोज काय मागायचं म्हणून. ते संपलं तेव्हा मेडिकलमधून दुसरं आणून दिलं, मीच. गुडघा उतरला. मॅडम तीन आठवडे टाक्या चढत होत्या आणि मला बरं वाटत होतं की मी त्यांच्या उपयोगी पडले.

चौथ्या आठवड्यात त्या पांढऱ्या पडल्या. जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबून धापा टाकायच्या. "उन्हाचं हाय," म्हणाल्या. एका सकाळी त्या कामावर आल्याच नाहीत. त्या बाईनं कधी न सांगता रजा घेतली नव्हती. मी आणि आमच्या विभागाचा सफाई मुकादम नागनाथ त्यांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. मॅडम भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, ओठ राखेसारखे, कपाळावर थंड घाम. आणि घरात वास होता. त्या घरात, जिथं फिनेल आणि विभूतीशिवाय मला कधी कसला वास आला नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "शी कशी आहे?"

मॅडमनी ते ऐकलं. "दोन-तीन दिस काळी हुतीय. त्या गोळीनंच असंल. तुम्हीच सांगितलेलं."

"ती गोळी थांबून किती दिवस झाले?"

"अडीच महिने," मी म्हटलं.

डॉक्टर लगेच म्हणाले, "कुणीतरी जाऊन बघा. आत्ता. मला सांगा."

मॅडमनी माझा पदर धरला. हातात जोर नव्हता. "जाऊ नको. सारिका, पाणी टाकाया उठवलं न्हाय मला. बेड, बेड." बेड म्हणजे नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत वाकून बघणारी बाई मला आपल्या संडासाच्या दारात जाऊ देत नव्हती. मी पदर सोडवून घेतला.

जे बघितलं ते लिहितेय, कारण कुणाला तरी ओळखता यायला हवं. डांबर. नुसती काळी नव्हे, डांबरासारखी, चकाकणारी, चिकट, भांड्याला धरून बसलेली. आणि तो वास. शीचा वास वेगळा असतो, तो आपल्याला ओळखीचा असतो. हा सडलेल्या रक्ताचा होता, गोडसर, लोखंडी, नाकातून थेट घशात उतरणारा. मी दाराची चौकट धरली. पोटातलं सगळं वर आलं, ते गिळलं, आणि फोनवर जसं दिसत होतं तसं सांगितलं.

"ते रक्त आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटात सांडून पचलेलं रक्त. लगेच निघा."

नागनाथनं ॲम्ब्युलन्स बोलावली. धाराशिवच्या रस्त्यात मॅडम दोनदा डोळे फिरवून बेशुद्ध झाल्या. एकदा ओकल्या, कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी, माझ्या मांडीवर, हातांवर. मी ते तसंच राहू दिलं. पुसायला हात मोकळे नव्हते. एका हातानं त्यांची मान धरली होती, दुसऱ्यानं सलाईनची बाटली.

तीन पिशव्या रक्त चढवलं. पुन्हा नळी घातली, आणि या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. आत जुना व्रण अर्धवट भरलेला आणि पुन्हा उखडलेला, त्याच्या बाजूला नवा एक, त्यातली शीर उघडी पडून रक्त पाझरत होतं. डॉक्टरांनी आतूनच ती चिमटा लावून बंद केली. दोन दिवसांनी मॅडम बोलायच्या स्थितीत आल्या तेव्हा ते पलंगाशी येऊन उभे राहिले. रागावलेले होते.

"जंतू गेला होता. तो पुन्हा आलेला नाही. मग हे कशानं झालं? काय खात होतात?"

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. माझे कान गरम झाले.

"गुडघ्याची गोळी," मॅडम म्हणाल्या. "घरात हुत्या, जुन्या."

"मी नको म्हटलं होतं."

"व्हय."

डॉक्टर स्टुलावर बसले. "जंतू मारणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं, मॅडम. पोटात आम्ल असतं, ते पोटालाच जाळू नये म्हणून आतून एक बुळबुळीत अस्तर असतं. जंतूनं ते कुरतडलं होतं. जंतू गेल्यावर ते नव्यानं धरायला लागलं होतं. या गोळ्या दुखणं थांबवतात, आणि ज्यानं ते अस्तर तयार होतं तेही थांबवतात. गुडघ्यावरची खपली तुम्ही नखानं काढाल का? आत खपली धरत होती आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ ती सोलत होता. आम्ल कमी करायची गोळीही बंद. दुखतंय तर मला विचारायचं होतं, मी दुसरं काही दिलं असतं. तापाची साधी गोळी दिली असती."

"साधी म्हणूनच तर खाल्ली," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर गेले, नर्स आली, गेली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड धुऊन ये. सकाळपासून काही खाल्लं न्हाईस." बस्स, इतकंच.

दीड महिन्यानं त्या कामावर आल्या, हातात काठी, अंगावर ब्लाउज दोन माप मोठा. पहिल्या दिवशी आपल्या टेबलाशी बसल्याच नाहीत. "आज इथलीच तपासणी," म्हणाल्या आणि एकेक ड्रॉवर उघडायला सुरुवात केली. सगळे आधी हसत होते. करवसुलीच्या टेबलातून दोन पाकिटं निघाली. बांधकामवाल्यांकडून पाच, शिवाय पाण्यात टाकून फसफसणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. डॉक्टरांनी हृदयासाठी लिहून दिलेली गोळी घेणारे एक अभियंता होते, त्यांना म्हणाल्या, "तुमची तुम्ही ठेवा, पण त्याच्यासंगं ही दुसरी खाता हे तुमच्या डॉक्टरला सांगितलंय का?" त्यांनी सांगितलं नव्हतं. टेबलावर ढीग झाला. त्यात उघडी, चिकटलेली, धूळ बसलेली, उंदरानं कुरतडलेलीसुद्धा. एका पाकिटात मुंग्या होत्या. तो ढीग बघून मला खरंच मळमळलं. ही सगळी आम्ही एकमेकांच्या तळहातावर माया म्हणून ठेवत होतो.

माझ्या ड्रॉवरशी आल्या तेव्हा मी खुर्ची मागं ओढून बाजूला झाले. त्यांनी ड्रॉवर ओढला, तेच पांढरं पाकीट काढलं, इतरांसारखंच ढिगात टाकलं, आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. रोज ठरवायची. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीनं बघितलं तेव्हा जखम भरलेली होती. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडं वळवून दाखवला. ओलं, गुलाबी, आणि जिथं व्रण होता तिथं एक बारीक सुरकुती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आतून आपण सगळे सारखेच दिसत असू, न्हाय का?" त्या दिवशीही मी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. भाऊ मुरुमहून टेम्पो घेऊन आला. सामान थोडंच होतं. ट्रंक, देव्हारा, घासून घासून पातळ झालेली भांडी. नागनाथनं सगळं चढवलं. मॅडम काठी टेकत पुढच्या सीटजवळ आल्या. मी त्यांना वर चढायला हात दिला आणि हात सोडायच्या आधी एकदम म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं. मला आठवलं होतं. तरी दिल्या मी."

त्यांचा भाऊ टेम्पोला वळसा घालून आपल्या बाजूनं चढत होता. मॅडम सीटवर नीट बसल्या, गुडघा हातानं उचलून आत घेतला.

"मीबी ऐकलं हुतं की," त्या म्हणाल्या.

"मग मागितल्या कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सहा वर्षं बरोबर राहून मला एवढंही कळत नाही.

"गुडघा दुखत हुता, सारिका."

भावानं टेम्पो चालू केला. मी दार लावून घेतलं.